फटीग मशीन, आठ महिन्यांनंतर: ड्रिल रॉडच्या पोलादाबद्दल काय कळतं, काय कळत नाही

मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये हे रोटेटिंग बेंडिंग मशीन आठ महिन्यांपासून चालू आहे. वाकवलेला नमुना गोल फिरवत ठेवून फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाने पोलाद कधी तुटतं, ते यावर तपासतात. काम मुख्यतः एकच: खाणीतल्या जॅकहॅमरला लागणाऱ्या 22 मिमी षटकोनी पोकळ रॉडचं पोलाद तपासणं. मशीन देशी, चार बिंदूंवर वाकवणारं, 3000 आरपीएमचं. नाव मुद्दाम देत नाही.

रचना साधी, आणि हाच त्याचा मोठा गुण. मोटर, दोन बेअरिंग हाउसिंग, मध्ये नमुना, खाली वजनं. नमुना तुटला की हाउसिंग खाली बसतं, मायक्रोस्विच दाबला जातो, मोटर आणि काउंटर दोन्ही थांबतात. एक कोटी फेऱ्यांना साडेपंचावन्न तास लागतात. शनिवारी दुपारी दोनला लावलेला नमुना तेवढ्या फेऱ्या टिकला तर सोमवारी रात्री साडेनऊला उतरतो. टिकलेला नमुना जास्त ताणावर पुन्हा लावू नका. पहिल्या फेऱ्यांनी पोलाद थोडं कसलेलं असतं, आकडा फुगतो.

खरी मेहनत नमुन्यावर. गेज व्यास, म्हणजे मधल्या बारीक भागाचा व्यास, 8 मिमी असेल तर 0.05 मिमीची चूक ताणात जवळपास 2 टक्के फरक पाडते, कारण ताणाच्या हिशेबात व्यासाचा घन येतो. लेथच्या खुणा आडव्या असतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून 600, 800, 1200 नंबरचा पेपर लांबीच्या दिशेनेच मारायचा. कोलेट (नमुना धरणारी पकड) घट्ट केल्यावर नमुना हाताने फिरवून डायल गेज लावायचं, सुई 0.02 मिमीच्या वर हलली तर सगळं सोडून परत बसवायचं. कंटाळा येतो, पण हे टाळलं की एकाच ताणावरचे दोन नमुने दोन तऱ्हेचं बोलतात.

आता मुख्य अडचण. पोकळ रॉडच्या भिंतीतून 8 मिमीचा नमुना निघतच नाही. भोक साडेसहा मिमीचं धरलं तर भिंत पावणेआठची. मग एक तर त्याच हीटची (एकाच वितळणीतल्या पोलादाची) भरीव सळई मागवा, नाहीतर भोक ठेवूनच 12 मिमी व्यासाचा नमुना काढा. दुसरं केलंत तर हिशेबातून भोक वजा करा; भरीव धरलंत तर खरा ताण कागदावरच्यापेक्षा 9 टक्क्यांहून जास्त असतो. पण गोम पुढेच आहे. वाकवताना भोकाच्या कडेला बाहेरच्या ताणाच्या जेमतेम 54 टक्के ताण येतो. खाणीत तसं नाही. जॅकहॅमरचा पिस्टन रॉडवर सेकंदाला 10 मीटर वेगाने आदळला आणि दोघांचं छेदक्षेत्र सारखं असलं, तर रॉडमधून साधारण 200 मेगापास्कलची लाट जाते, आणि ती आतबाहेर सारखीच असते. त्यात फ्लशिंगच्या, म्हणजे चुरा धुऊन काढणाऱ्या, पाण्याने भोकाला गंजाचे खड्डे पडतात. तुटलेल्या रॉडच्या तोंडावर भोकाकडून पसरत गेलेली गुळगुळीत अर्धगोल चकती दिसते, उरलेला भाग खरबरीत. ही तूट मशीन दाखवणार नाही. पोलाद, हीट ट्रीटमेंट, डीकार्ब (तापवताना पृष्ठभागातला कार्बन उडणं) याबद्दल विचारा, उत्तर चोख मिळेल. रॉड किती मीटर खोदेल हे विचारू नका.

तक्रारी दोन. लाइट गेली की काउंटर शून्य होतो, आणि परत आली की मोटर पूर्ण वजनासकट झटक्यात उचलते. त्या धक्क्यानंतरच्या आकड्यावर आम्ही भरवसा ठेवत नाही. लाइट गेली की सुटणारा आणि बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू न करणारा कॉन्टॅक्टर (मोटरचा स्विच) आणि बॅटरीवरचा काउंटर स्वतःच बसवावा लागला. हे कारखान्यातूनच यायला हवं होतं. दुसरी, बेअरिंगचं ग्रीस उन्हाळ्यात पातळ होऊन कोलेटकडे झिरपतं.

जुलैपासून नमुने पॉलिश झाल्याबरोबर तेलात बुडवून ठेवा. बडोद्याच्या पावसाळी हवेत रात्रभर उघडे राहिले तर सकाळी तपकिरी ठिपके दिसतात, आणि मग तपासणी पोलादाची न राहता गंजाची होते.

घेणार असाल तर ऑर्डरमध्ये छोटी वजनं वेगळी लिहून घ्या. आमच्या पेटीत सगळी मोठीच आली. स्टेअरकेस पद्धतीत सारख्या छोट्या पायऱ्यांनी ताण वरखाली करायचा असतो, तिथे ती कामाची नाहीत.