मोटरहोमच्या जनरेटरची सर्व्हिसिंग : साताऱ्यातील एका वर्कशॉपचा अनुभव

साताऱ्याच्या एमआयडीसीतील एका छोट्या वर्कशॉपमध्ये आमच्या मोटरहोमचा (राहण्याची सोय असलेल्या गाडीचा) पेट्रोल जनरेटर सर्व्हिसिंगसाठी दिला होता आणि तेथील काम मला मनापासून आवडले. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीतील जनरेटर बहुधा झिजेमुळे बिघडत नाही, तर कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) पडून राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर जेटची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीची, बारीक छिद्रे बुजवतो, हे मिस्त्रींनी जेट उघडून प्रत्यक्ष दाखवले. महिन्यातून एकदा जनरेटर सुमारे दोन तास निम्म्या लोडवर, म्हणजे एसी किंवा गीझर लावून, चालवावा, असा त्यांचा आग्रह होता; कारण लोडविना इंजिन पुरेसे तापत नाही आणि वाइंडिंगमधील (वीज तयार करणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांतील) ओलावाही जात नाही. महाबळेश्वर-कासच्या दमट हवेत फिरणाऱ्यांनी हा सल्ला अवश्य पाळावा. चालवण्याचे तास कमी भरले, तरी ऑइल वर्षातून एकदा बदलावेच लागते. दर थोडे जास्त आहेत आणि मोठी गाडी आत घेण्यास जागा अपुरी पडते. तरीही नवा कार्ब्युरेटर गळ्यात न मारता जुनाच स्वच्छ करून बसवणारे कारागीर दुर्मीळ असल्याने पुढील सर्व्हिसिंगही मी येथेच करून घेणार आहे.