सात रस्त्याजवळचं सोनोग्राफी सेंटर: तान्ह्या बाळासाठी
लेक बावीस दिवसांची. रक्तातलं टीएसएच वाढलेलं आलं, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी पडत होती. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी त्याच दिवशी सुरू केली आणि गळ्याची सोनोग्राफी सांगितली. सेंटरवाले म्हणाले, पाजूनच आणा, उपाशी नको. केवढा धीर आला! मॅडमनी आमचाच सोलापुरी टॉवेल गुंडाळून तिच्या खांद्याखाली सरकवला, मान अलगद मागे झाली. जेल कोमट करून लावलं. ती रडली तशा थांबल्या, मी थोपटेपर्यंत. यात किरणोत्सर्ग नसतो, हेही सांगितलं. ग्रंथी जागेवर आहे, फक्त लहान, हे पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. तक्रार एकच: वेळ अकराची, नंबर लागला पाऊणला. मे महिन्यात, बाहेर पत्र्याखाली. तान्ह्या बाळांना तरी आधी घ्या हो.