एकाच डिस्ट्रिक्टमधील तीन प्राथमिक शाळा: दहापैकी किती, या प्रश्नापलीकडे

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात घर शोधणारी मराठी कुटुंबे पत्ता पाहताक्षणी विचारतात, की इथली प्राथमिक शाळा दहापैकी किती गुणांची आहे. हा आकडा बहुधा ग्रेटस्कूल्स या संस्थेचा असतो. झिलोसारख्या घरविक्रीच्या संकेतस्थळांवर तो घराच्या किमतीसोबतच दिसतो, आणि दोन गुणांच्या फरकासाठी लोक आयुष्यभराचे कर्ज वाढवून घेतात. मुलीच्या प्रवेशापूर्वी आम्ही एका उपनगरी डिस्ट्रिक्टमधील (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या) तीन प्राथमिक शाळा पाहिल्या, त्यांचे अहवाल वाचले आणि मुख्याध्यापकांशी बोललो. शाळांची नावे येथे देत नाही. टेकडीवरची, स्टेशनाजवळची आणि हमरस्त्यालगतची, एवढी ओळख पुरेशी आहे.

एकाच डिस्ट्रिक्टमधील शाळांत समान काय असते, हे आधी पाहायला हवे, कारण ते पुष्कळ असते. शिक्षकांची वेतनश्रेणी एकच असते आणि ती सेवेची वर्षे व शिक्षण यांवर ठरते. शाळेच्या गुणांकनाशी तिचा संबंध नसतो. पाठ्यपुस्तके, अभ्यासक्रम, सुट्ट्यांचे वेळापत्रकही तेच. राज्यातील सर्व सरकारी शाळांत 2022-23 पासून प्रत्येक मुलाला न्याहारी आणि दुपारचे जेवण विनामूल्य मिळते, त्यामुळे तोही फरक उरलेला नाही. मग गुणांकनात एवढी तफावत का पडते? बहुतांशी शाळेच्या हद्दीत कोणती घरे येतात यामुळे. टेकडीवरच्या शाळेतील बहुसंख्य मुलांचे पालक उच्चशिक्षित आहेत. स्टेशनाजवळच्या शाळेत भाड्याच्या घरांतून येणारी, इंग्रजी नव्याने शिकणारी मुले अधिक आहेत. तिसरीच्या परीक्षेतील सरासरीत शाळेआधीची ही सारी वर्षे मिसळलेली असतात.

म्हणून एका वर्षाच्या सरासरीऐवजी मुलांचा एकच गट पुढे कसा गेला, हे आम्ही पाहिले. राज्याची इंग्रजी आणि गणिताची परीक्षा तिसरी ते आठवी दर वर्षी होते आणि तिचे इयत्तावार निकाल जाहीर असतात. 2022 मधील तिसरीचा निकाल 2024 मधील पाचवीच्या निकालाशेजारी ठेवला, की बव्हंशी तीच मुले दोन वर्षांत कुठे पोहोचली ते दिसते. काही मुले गाव सोडतात, काही नवी येतात, शिवाय लहान शाळेत पाच-सहा मुलांनीही टक्केवारी हलते. म्हणून दोन-तीन तुकड्यांचा माग घ्यावा. या कसोटीवर टेकडीवरची शाळा होती तिथेच राहिलेली दिसली, म्हणजे उत्तम मुले उत्तमच राहिली. स्टेशनाजवळच्या शाळेत मात्र तिसरीत मागे असलेला गट पाचवीपर्यंत ठळकपणे वर आला होता. माझ्या मते शाळेचे खरे कर्तृत्व हेच, आणि एकट्या सरासरीत ते झाकले जाते.

त्यामागचे कारण प्रत्यक्ष भेटीत समजले. राज्यात 2025-26 पासून बालवाडी ते दुसरीच्या मुलांची वाचनातील अडचणींसाठी दर वर्षी चाचणी घेणे बंधनकारक झाले आहे. अडचण आढळल्यावर पुढे काय करता, हा प्रश्न आम्ही तिन्हीकडे विचारला. स्टेशनाजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी कोणत्या वेळी, किती मुलांचा गट, कोणत्या शिक्षिकेकडे जातो आणि किती आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते, हे कागद न पाहता सांगितले. हमरस्त्यालगतच्या शाळेत ‘वर्गशिक्षिका लक्ष देतात’ एवढेच उत्तर मिळाले. टेकडीवर अशी मुले थोडीच असल्याचे सांगण्यात आले. पण आपले मूल त्या थोड्यांत असेल, तर या उत्तराने कोणत्याही पालकाचे समाधान होणार नाही.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूल इंग्रजीत प्रवीण ठरले की त्या गटातून बाहेर पडते आणि नवी मुले येत राहतात, त्यामुळे या गटाचा निकाल कायम खालीच दिसतो आणि शाळेविषयी उगाच प्रतिकूल मत होते. आपल्या कुटुंबांनाही हा विषय लागू आहे. नोंदणीच्या वेळी घरची भाषा मराठी लिहिली, तर मुलाची इंग्रजीची प्राथमिक चाचणी 30 दिवसांत होते. तिला घाबरून ‘इंग्रजी’ लिहिणारे पालक मी पाहिले आहेत. तसे करू नये. मूल प्रवीण असेल तर चाचणीत ते दिसतेच, आणि नसेल तर मदतीचा हक्क मिळतो.

पैशाच्या बाबतीत टेकडीवरची शाळा उजवी आहे, हे मान्य करायला हवे. तेथील पालक-शिक्षक संघ पुष्कळ निधी जमवतो, त्यातून वर्गात मदतनीस येतात आणि संगीताचे तास वाढतात. दुसरीकडे, 2013 पासूनच्या निधीवाटप सूत्रानुसार अल्प उत्पन्न गटातील, पालनगृहांतील आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांमागे डिस्ट्रिक्टला मूळ रकमेच्या 20 टक्के अधिक पैसे मिळतात. ते त्या मुलांच्या शाळेपर्यंत कितपत पोहोचतात, हे डिस्ट्रिक्टच्या वार्षिक आराखड्यात वाचता येते. हा दस्तऐवज कंटाळवाणा आहे, तरी वाचावा.

हमरस्त्यालगतची शाळा आम्ही सोडून दिली. इमारत नवी आणि मैदान मोठे असले, तरी थोड्या काळात मुख्याध्यापक अनेकदा बदलले होते आणि अनुभवी शिक्षिका इतर शाळांत बदली मागत होत्या. गुणांकनात ती स्टेशनाजवळच्या शाळेच्या वर आहे, हे मला आजही खटकते.

आम्ही स्टेशनाजवळची शाळा निवडली. तिचे उणेही सांगतो. काही वर्ग तात्पुरत्या खोल्यांत भरतात, शाळा सुटताना वाहनांची कोंडी होते, आणि वेगाने शिकणाऱ्या मुलांना चौथीपूर्वी वेगळे काही फारसे मिळत नाही. ज्यांचे मूल गणितात फार पुढे आहे, त्यांनी हा मुद्दा शिक्षकांशी आधीच बोलून घ्यावा.

घराचा करार करण्यापूर्वी पत्ता डिस्ट्रिक्टच्या हद्द-शोधकात तपासावा, कारण घरविक्रीच्या संकेतस्थळावर दाखवलेली शाळा चुकीची असू शकते. हद्दीत घर असले तरी वर्ग भरलेला असल्यास मुलाला शेजारच्या शाळेत पाठवले जाऊ शकते. त्यामुळे हव्या त्या इयत्तेत जागा आहे का, आणि अशा मुलाला पुढील वर्षी परत घेतात का, हे प्रवेश कार्यालयाकडून लेखी घ्यावे.