फार्मसीत जाण्याआधी: खाजेवर कॅलामाइन, ॲलर्जीची गोळी, बुरशीचं मलम की खोबरेल?

‘खाजेचं मलम द्या’ एवढंच सांगितलं तर फार्मसीतून हाती काहीही पडू शकतं: गुलाबी कॅलामाइन, ॲलर्जीची गोळी, बुरशीचं क्रीम, नाहीतर तीन-चार औषधं एकत्र घातलेली ट्यूब. खोबरेल आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, तर घरात असतंच. यातलं प्रत्येक कुठल्यातरी खाजेवर चालतं आणि दुसऱ्या एखाद्या खाजेवर नुकसान करतं. म्हणून औषध निवडण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या. कातडीवर डाग, पुरळ किंवा गांधी आहेत की कातडी साफ आहे? खाज रात्री अंथरुणात वाढते का? घरात आणखी कोणी खाजवतंय का?

जांघेतला नायटा: साधं बुरशीचं मलम की ‘मिक्स’ ट्यूब?

पावसाळ्यात गोव्यात सगळ्यात जास्त चुकते ती ही निवड. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, दमट अंतर्वस्त्रं आणि जीन्स तशीच चढवली जातात, आणि जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, स्तनांखाली गोल लालसर चट्टा उठतो. त्याची कड उंच आणि खवल्यांची असते, मध्यभाग त्यामानाने साफ. हा नायटा, म्हणजे बुरशी.

मिक्स ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतंच, पण सोबत एखादं अँटिबायोटिक आणि बहुतेक वेळा क्लोबेटासॉलसारखं अतितीव्र स्टेरॉइडही असतं. स्टेरॉइड कातडीचा दाह दाबतं, म्हणून दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि माणूस खूश होतो. मात्र दाह म्हणजेच बुरशीशी चाललेली शरीराची झुंज. ती थांबली की बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूब संपल्यावर आठवड्याभरात चट्टा परत येतो, या वेळी जास्त पसरलेला आणि कड पुसट झालेला, म्हणजे ओळखायलाही कठीण. मग दुसरी ट्यूब येते. जांघेची कातडी मुळात पातळ. तिथे महिनोन्महिने स्टेरॉइड लावलं तर गर्भारपणात पोटावर येतात तसे जांभळट पट्टे उमटतात, आणि ते कायमचे राहतात. अशी स्टेरॉइड मलमं 2018 पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात.

साध्या मलमाने, म्हणजे क्लोट्रिमाझोल 1 टक्का (दिवसातून दोनदा) किंवा लुलिकोनाझोल 1 टक्का (दिवसातून एकदा), खाज पहिल्या आठवड्यात फारशी हलत नाही. लोक कंटाळतात ते इथेच. तरी निवड याचीच करा. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी वाढते ती कडेला. बोटाच्या शेवटच्या पेराएवढी पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढी दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. किमान 4 आठवडे लावा आणि चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी 2 आठवडे चालू ठेवा. टर्बिनाफिन एकेकाळी इथलं हुकमी औषध होतं, पण भारतात आता ट्रायकोफायटन इंडोटिनीए नावाची बुरशी बळावली आहे. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर काम करतं, त्यातच तिच्या अनेक वाणांमध्ये बदल झालेला असतो. त्यामुळे महिनाभर नीट लावूनही फरक नसेल तर दोष तुमच्या आळसाचा नसतो. पोटातून औषध घेण्याची वेळ आलेली असते. ते डॉक्टरांनीच ठरवायचं, कारण इट्राकोनाझोलचं अनेक औषधांशी पटत नाही.

टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. ऊन नसेल त्या दिवसांत कपड्यांच्या शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. नायट्यावर खोबरेल अजिबात नको. ओल आणि ऊब दोन्ही आत कोंडली जातात.

रात्रीची खाज: खरूज असेल तर गोळ्यांनी काही होत नाही

बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती, काखा, नितंब, पुरुषांत लिंगावर बारीक पुटकुळ्या, रात्री अनावर खाज, आणि घरात दुसराही कोणी खाजवतो आहे. इथे खरूज धरून चालायचं. खरजेचा किडा कातडीत बोगदा करून अंडी घालतो, पण पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. म्हणजे चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी सगळे एका दालनात झोपले असतील, तर त्याची फळं दसरा-दिवाळीच्या सुमारास दिसतात आणि कोणाला चवथ आठवतही नाही.

ॲलर्जीच्या गोळीने फक्त झोप येते, किडा मरत नाही. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ करायला हरकत नाही, पण खरूज त्याने जाणार नाही. इथे हवं परमेथ्रिन 5 टक्के क्रीम. प्रौढाला एका वेळेस साधारण 30 ग्रॅम लागतं. आंघोळीनंतर कातडी थंड आणि कोरडी झाली की रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावा. नखांखाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यांत, कुठेही सोडू नका. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना डोक्याला-चेहऱ्यालाही लावतात, डोळे आणि तोंड सोडून. दोन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. 8 ते 14 तास ठेवून धुवा आणि सात दिवसांनी पुन्हा तेच करा. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं.

हे फसतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, ज्याला खाज आहे त्यालाच लावलं जातं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं नाही तर किडा घरात फिरत राहतो. दुसरं, किडा मेल्यावरही खाज 2 ते 4 आठवडे रेंगाळते, कारण त्याचे अवशेष कातडीत असतात. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून रोज परमेथ्रिन चोपडत राहिलं तर कातडी कोरडी पडून नवी खाज सुरू होते. या उरलेल्या खाजेवर मॉइश्चरायझर आणि रात्री गोळी ठीक. चादरी, उशांचे अभ्रे, कपडे गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा.

अंगावर पित्त: आगळ की सेटिरिझिन?

कोकण-गोव्यात पित्त उठलं की आमसूल पाण्यात कुस्करून अंगाला लावतात. बरं वाटतं, कारण थंड पाण्याने खाज तात्पुरती दबते. शिवाय पित्ताची एकेक गांध तशीही 24 तासांच्या आत विरते, मग श्रेय आमसुलाला मिळतं. लावायला हरकत नाही, पण आगळात मीठ असतं आणि ओरबाडलेल्या कातडीवर ते झोंबतं. नुसतं आमसुलाचं पाणी बरं.

गांधी उठतात त्या हिस्टामिनमुळे, आणि अँटिहिस्टामिन गोळ्या त्यालाच अडवतात. म्हणून खाजेच्या सगळ्या प्रकारांत या गोळ्या जिथे खऱ्या कामी येतात ती जागा ही. प्रौढांसाठी सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम दिवसातून एकदा. काहींना त्याने झोप येते. फेक्सोफेनाडिनने सर्वात कमी येते, पण ते फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, शोषण कमी होतं. क्लोरफेनिरामिन म्हणजे सीपीएम स्वस्त असलं तरी ते घेऊन स्कूटर चालवायची नाही. आणि यातली कुठलीही गोळी फेणीबरोबर नको. गांधी सहा आठवड्यांहून जास्त काळ येत राहिल्या तर डॉक्टर गाठा.

इथे एक खास गोंयकारी घोळ. बर्फाविना ठेवलेल्या बांगड्यात, तारल्यांत आणि कुप्यात (ट्यूनात) जंतूंमुळे हिस्टामिन तयार होतं, आणि शिजवल्याने ते जात नाही. जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, अंग खाजतं, डोकं ठणकतं. एकाच ताटातल्या दोघा-तिघांना झालं तर ती ॲलर्जी नव्हे, शिळी मासळी. गोळीने उतरतं आणि पुढचा ताजा बांगडा खुशाल खाता येतो. उलट सुंगटं (कोळंबी) किंवा कुर्ल्या (खेकडे) खाल्ल्यावर दर वेळी एकट्या तुम्हालाच गांधी उठत असतील, तर ती ॲलर्जी समजून तपासून घ्या. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडकला तर आमसूल नाही आणि गोळीही नाही, थेट 108.

घामोळं आणि कोरडी कातडी: एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं

एप्रिल-मेचं घामोळं म्हणजे घामाच्या नळ्या बुजणं. तिथे कॅलामाइन, थंड पाणी, सुती कपडे आणि पंखा पुरेत. तेल किंवा पावडरीचे थर नकोत; नळ्या आणखी बुजतात.

साठीपुढच्या माणसांचे नडगीवर खवले धरलेले पाय, दिवसभर एसीत बसणाऱ्यांचे हात, यांना नेमकं उलटं हवं. कॅलामाइन कातडी आणखी सुकवतं. इथे खोबरेल चांगलं, टाचांच्या भेगांना भिरंडेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) त्याहून चांगलं, आणि पेट्रोलियम जेली सर्वात स्वस्त. आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत उरकायची, आणि अंग टिपून ओलसर असतानाच तेल लावायचं. कोरड्या अंगाला चोळलं तर निम्मा फायदा जातो. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्राव ओतण्याची आपल्याकडची सवय कोरड्या कातडीला फार महाग पडते.

मार्च ते मे काजूच्या हंगामात हातांवर, चेहऱ्यावर पाणी भरलेले फोड आले तर टरफलातलं तेल बहुधा कारण असतं. ओले काजूगर सोलण्याआधी हाताला खोबरेल लावण्याची जुनी पद्धत योग्यच आहे. तेल लागलं तर लगेच साबणाने धुवा. फोड आल्यावर थंड पाण्याच्या पट्ट्या आणि कॅलामाइन. चेहरा किंवा डोळे सुजले तर डॉक्टर, कारण तिथे स्टेरॉइडचा योग्य उपयोग असतो.

डाग नाही, तरी खाज

कातडी साफ, खोबरेल लावूनही दोन आठवड्यांत फरक नाही, तर मलमं बदलत बसू नका. रक्तातली साखर, लिव्हर, किडनी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना रात्री खाज सुटली तर त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना कळवा. रक्तातली पित्ताम्लं (यकृतात तयार होणारी आम्लं) वाढलेली असू शकतात आणि त्याचा धोका बाळाला असतो.

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळात त्वचा विभागात जाणार असाल तर आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यासुद्धा, बरोबर न्या. स्टेरॉइडने बदललेला नायटा एक्झिमासारखा दिसू शकतो, आणि कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे ठरले तर आदल्या दिवशी लावलेल्या बुरशीच्या मलमामुळे तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.