एका इंचात ३८,५०० चा गंडा

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. व्हर्नियरवर ०.०२ जास्त दिसलं की माल परत पाठवणारा माणूस मी. आणि गोल्फच्या जुन्या काठ्या (क्लब) घेताना मला गंडवलं ते पूर्ण एका इंचानं. २५.४ मिलिमीटर! शॉपमधल्या पोरांना अजून सांगितलेलं नाही, इथं लिहितोय.

गुडघा गेला तेव्हा फुटबॉल सुटला. पेठेत वाढलेल्या माणसाला फुटबॉल सुटणं काय असतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. पुण्याच्या एका कस्टमरनं गोल्फचा नाद लावला. गच्चीवर जाळी बांधली, महिन्यातून दोनदा पुणं. नवीन सेट परवडेना म्हणून जुना बघत होतो. एका साइटवर जाहिरात दिसली : ५ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत सहा आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचे क्लब), एक सँड वेज (वाळूतून बॉल काढायचा क्लब), बॅगसकट ३८,५००. "मेजरसाहेबांचा सेट आहे, बदली झाली म्हणून विकतायत." हे वाचल्यावर पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मीही इतरांच्या बाबतीत ओळखतो. पण आमच्या जिल्ह्यात घराघरात फौजी, मिलिटरी म्हटलं की आम्ही विरघळतो.

२,००० टोकन यूपीआयनं दिले. बाकी ३६,५०० रोख, तावडे हॉटेलच्या चौकात, त्याच्या गाडीच्या डिकीपाशी. हो, रोख. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाचा.

मी ५ फूट ११. लांबी बरोबर पाहिजे हे मला ठाऊक होतं आणि मी विचारलंही. तो म्हणाला, "स्टँडर्ड आहे साहेब, तुमच्यासमोर मोजतो." सेव्हन आयर्न काढला, स्टीलचा. दांडा काटकोनात सरळ उभा धरला, शेजारी टेप लावला. बरोबर ३७ इंच. स्टीलच्या सेव्हन आयर्नची लांबी साधारण तेवढीच असते. मी मान डोलावली.

पण मी बघितलं होतं. हेच मला झोपू देत नाही. दांडा सरळ उभा धरल्यामुळं क्लबचं पुढचं टोक, म्हणजे टो, जमिनीला टेकलं होतं आणि टाच हवेत होती. खाली दोन बोटं सहज गेली असती. माझ्या शॉपमध्ये एखाद्या पोरानं असं माप घेतलं असतं तर मी ओरडलो असतो, "अरे डेटम कुठाय तुझा?" म्हणजे माप कुठून धरलंस? त्याला फक्त म्हणालो, "असं मोजतात होय?" तो म्हणाला, "असंच मोजतात." विषय संपला. ऊन होतं, पोरीला क्लासला सोडायचं होतं, मागं ट्रकवाला हॉर्न मारत होता. कारणं भरपूर आहेत माझ्याकडं.

असं मोजत नाहीत. क्लब बॉल मारताना असतो तसा ठेवायचा, सोल, म्हणजे त्याचा तळ, जमिनीवर सपाट, दांडा आपोआप तिरका होतो. मग टाचेच्या मागं जमिनीला टेकवून दांड्याला लागून पट्टी धरायची आणि ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, वरच्या कडेपर्यंत वाचायचं, वरच्या टोपीचा गोल फुगवटा सोडून. गोल्फच्या नियमात तर यासाठी ६० अंशाचा तिरका पृष्ठभागच सांगितलाय, सोल त्याला टेकवायचा, म्हणजे माप माणसागणिक बदलत नाही. पटरची (बॉल हळू ढकलून खड्ड्यात घालायचा क्लब) गोष्ट वेगळी, तो दांड्याच्या रेषेत सोलपर्यंत मोजतात. टो टेकवली की आयर्न इंचभर तरी लांब दिसतो. घरी नीट मोजलं : ३६. सातही क्लब वरच्या टोकाला एकेक इंच कापलेले. आणि "नवीन ग्रिप टाकून देतोय साहेब" हे तो मोठ्या मनानं म्हणाला होता! कापलेलं झाकायलाच नवीन ग्रिप. शाफ्टवरचं, म्हणजे दांड्यावरचं, लेबल अर्धं ग्रिपखाली गेलेलं होतं, तेही दिसत होतं. फुकट नवीन ग्रिप मिळत असेल तर आधी लेबल बघा.

तीन आठवडे मी स्वतःलाच दोष देत होतो. वाकून वाकून कंबर गेली, बॉलच्या डोक्यावर फटका बसायचा. शेवटी पुण्यातल्या कारागिरानं काट्यावर ठेवून दाखवलं : स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड लागतं त्याचं माप) डी २ च्या जागी सी ६, म्हणजे सहा पॉइंट कमी. अर्ध्या इंचाला तीन पॉइंट, हिशोब चोख जुळला. शाफ्टमध्ये जोड घालून परत ग्रिप बसवायचे नगाला ८५०, सातांचे ५,९५०. म्हणजे एकूण ४४,४५०. थोडे आणखी घातले असते तर नवीन सेट आला असता, हे बायकोचं वाक्य.

आता पोलीस. पहिल्यांदा गेलो तर साहेब जोतिबाच्या बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा हवालदारांनी विचारलं, "क्लब म्हंजे? कुठला क्लब?" मी मोबाइलवर फोटो दाखवला. "सेट तुमच्याकडंच हाय न्हवं? मग फसवणूक कसली?" एक इंच कमी आहे म्हणालो तर शेजारचा हसला, "एका इंचासाठी आलाय व्हय?" मी म्हणालो, ४२० होतं ना. ते म्हणाले, "४२० गेलं आता, ३१८ आलंय." कलम पाठ, अर्ज मात्र घेईनात! तिसऱ्यांदा "हा दिवाणी मामला आहे." बिल आहे का? नाही. करार? नाही. समोर मोजून घेतलं का? घेतलं. "मग!" त्या "मग" ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वजनमापाच्या तक्रारीसाठी दुसऱ्या एका कार्यालयात गेलो, तिथं सांगितलं की टेप बरोबर असेल तर आमचा संबंध नाही. टेप बरोबरच होता. हरामखोरीत तेवढीच एक गोष्ट प्रामाणिक होती.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. रोख दिले असतील तर माझ्यासारखे बसा. पट्टी आपली न्या, ४८ इंची. मोजताना क्लब आपल्या हातात घ्या.

काल त्याच साइटवर नवीन जाहिरात बघितली. दुसरा सेट, पण डिकीतली लाल चटई तीच. ४१,००० ला. "कर्नलसाहेबांचा." भाच्याच्या फोनवरून विचारलं, सोल टेकवून मोजलाय का? दोन निळ्या टिक आल्या, आणि ब्लॉक.