नव्या पीसीवर काय टाकायचं: विंडोज 11 की लिनक्स मिंट?

पार्ट जोडून झाले, पडद्यावर बायोस (बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) दिसलं, की दुकानदार विचारतो, "विंडोज टाकून देऊ काय?" हो म्हणण्याआधी एवढंच विचारा की लायसन्सची वेगळी ओळ बिलावर येणार का. येणार नसेल, तर ते विंडोज फुकटचं नाही, चोरीचं आहे. अ‍ॅक्टिव्हेटर नावाचा असं विंडोज चालू करणारा प्रोग्राम चालवताना अँटिव्हायरस आधी बंद करायला सांगतात. त्याच पीसीवर पुढं नेट बँकिंग करायचं असतं.

विंडोज 11 होमचं रिटेल लायसन्स दहा-अकरा हजारांच्या घरात जातं. नव्या पीसीसोबत विकलं जाणारं ओईएम लायसन्स स्वस्त पडतं, पण ते त्या मदरबोर्डाला बांधलेलं असतं. बोर्ड जळाला आणि दुसरा घेतला, की लायसन्सही नव्यानं घ्या. रिटेल मात्र दुसऱ्या मशीनवर हलवता येतं. तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या ऑनलाइन कीच्या (लायसन्सच्या कोडच्या) वाटेला जाऊ नका. त्यातल्या बऱ्याच की कुठल्या तरी कंपनीच्या घाऊक लायसन्समधून फुटलेल्या असतात, आज चालतात आणि कधीही बंद पडतात. कुणी विंडोज 10 ची जुनी पेनड्राइव्ह पुढं केली तर तीही नको. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे.

मिंट ही लिनक्स घराण्यातली मोफत सिस्टिम, त्यामुळं लायसन्सचा खर्च शून्य. मिंट 22 ची मालिका उबंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर उभी आहे आणि तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. वाचलेल्या पैशात बरा यूपीएस येतो. पावसाळ्यात अपडेट चालू असताना लाईट गेली, की दोन्ही सिस्टिमना सारखाच घाम फुटतो, त्यामुळं यूपीएस हवाच.

पण निवड पैशावर करू नका, घरात कोण काय वापरतं त्यावर करा. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड दुकानाचे हिशेब घरी टॅलीवर होत असतील, तर इथंच थांबा आणि विंडोज घ्या. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या कारखान्यांच्या कामासाठी ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स लागत असेल, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांसाठी कोरलड्रॉ आणि श्रीलिपी लागत असेल, तरी तेच. यातलं काही ना काही वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवून दाखवणारा भेटेल, पण मार्चएंडला असली कसरत कोण करणार? जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन लावायचा असेल तर तेही विंडोजवर सरळ जमतं, लिनक्सवर बऱ्यापैकी डोकं खातं.

यातलं काहीच नसेल, म्हणजे ब्राउझर, यूट्यूब, पोरांचं पायथन नाहीतर सी, थोडंफार टायपिंग एवढाच वापर असेल, तर आमचं मत मिंटकडं. एक अडचण मात्र धरून चाला. ऑफिसातून आलेली वर्डची फाइल मंगल फाँटमध्ये असते आणि मिंटमध्ये मंगल नसतो. मिंटमधलं वर्ड-एक्सेलसारखं लिब्रेऑफिस त्याजागी दुसरा फाँट लावतं, ओळी सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर जातो. त्यामुळं पाठवायचं असेल ते पीडीएफ करून पाठवा. मॅक्रो भरलेल्या एक्सेल फाइली रोजच्या असतील तर लिब्रेऑफिसच्या भरवशावर राहू नका.

मराठी टायपिंग दोन्हीकडं होतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली, की मराठी फोनेटिक कीबोर्ड निवडता येतो. इंग्रजी अक्षरांनी शब्द लिहायचा, तो देवनागरीत येतो. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट हा सरकारी मांडणीचा कीबोर्ड लगेच मिळतो. इनस्क्रिप्ट येणाऱ्याला फरक जाणवत नाही, बाकीच्यांना विंडोज सोपं पडेल.

प्रिंटरकडं लोकांचं लक्ष जात नाही आणि नेमकं तिथंच अडतं. घरोघरी दिसणारा कॅनन एलबीपी 2900 विंडोजवर निमूट चालतो. लिनक्सवर त्याला कॅननचा जुना कॅप्ट ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो आणि तो बसवताना संध्याकाळ जाते. एचपी लेझरजेट 1020 ला एचपीचं प्लगइन उतरवावं लागतं, मग तो चालतो. अलीकडचे वायफायवाले प्रिंटर बहुतेक वेळा ड्रायव्हर न मागताच सापडतात. सुदैवानं मिंट पेनड्राइव्हवरूनच, डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं. वायफाय, आवाज आणि प्रिंटरचं टेस्ट पेज तपासा, मगच इन्स्टॉलवर क्लिक करा.

गेमचा निकाल सोपा आहे. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही आणि विंडोज 11 वर त्याला टीपीएम 2.0 (बोर्डावरची सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) दोन्ही चालू लागतात. बायोसमध्ये टीपीएम इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावानं सापडतो. काउंटर-स्ट्राइक 2 आणि डोटा 2 लिनक्सवर थेट चालतात. स्टीमवरचे बाकीचे बरेच गेम प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या सोयीवर) चालतात, पण आपला गेम आधी प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर बघून घ्या.

आता बसवताना काय अडतं ते. विंडोजसाठी किमान 8 जीबीची पेनड्राइव्ह घ्या आणि ती मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं बनवा. नव्या बोर्डाचं लॅन किंवा वायफाय इन्स्टॉलरला ओळखू येत नाही असं पुष्कळदा होतं. होम आवृत्ती नेटशिवाय पुढं सरकत नाही आणि गाडी त्या पडद्यावरच अडते. अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, फोनचं नेट पीसीला मिळतं आणि काम होतं. आत गेल्यावर बोर्डाच्या वेबसाइटवरून लॅनचा आणि चिपसेटचा ड्रायव्हर घ्या.

मायक्रोसॉफ्ट अकाउंट आपल्याच ईमेलनं उघडा. दुकानातल्या पोराच्या ईमेलवर उघडलेलं अकाउंट पुढं महागात पडतं, कारण अकाउंटनं साइन इन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन (डेटाला कुलूप) आपोआप चालू होऊ शकतं. मग कधी बायोस अपडेट केलं, की पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती त्याच अकाउंटमध्ये असते. की मिळाली नाही तर डेटा गेला. पहिल्याच दिवशी ती छापून बिलासोबत ठेवा.

मिंटमध्ये दुखणं ग्राफिक्स कार्डाचं. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो, पण कार्ड 2025 चं असेल तर 22 च्या पहिल्या आवृत्तीतलं 6.8 कर्नल त्याला पुरत नाही. मालिकेतली सगळ्यात नवी आवृत्ती उतरवा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर ड्रायव्हर मॅनेजरमधून बसतो. सिक्युअर बूट चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि रिस्टार्टला निळा पडदा येतो. तिथं 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि मग लोक कार्डाला दोष देत बसतात.

दोन्ही हवं असेल तर दोन वेगळ्या एसएसडी घ्या. मिंटची एसएसडी काढून आधी विंडोज टाका, मग ती जोडून मिंट. बूट करताना बोर्डाच्या बूट मेनूतून हवं ते निवडा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (पटकन चालू होण्याची सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर मिंटमधून विंडोजचं पार्टिशन उघडतं, पण त्यावर काही लिहिता येत नाही. आणि मिंटमधून परत विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागं दिसलं, तर बोर्डाचा सेल बदलत बसू नका. बोर्डाच्या घड्याळाला विंडोज भारतीय वेळ समजतं आणि लिनक्स जागतिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल कमांडनं आरटीसी, म्हणजे बोर्डाचं घड्याळ, 'लोकल'वर ठेवलं, की दोघांची वेळ जुळते.