जुन्या पिकअपचा मागचा एक्सेल खोलून नव्याने बांधला : वर्षभराच्या वापरानंतर

गाडी 2007 ची डिझेल पिकअप, रावेर-सावदा पट्ट्यातली. म्हणजे काम काय ते सांगायला नको. बांधावर केळी भरायची, गाऱ्यातून पहिल्या गिअरवर बाहेर काढायची आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागायचं. अधूनमधून पालच्या घाटाचं भाडं. गेल्या उन्हाळ्यात मागचा एक्सेल पूर्ण खोलला. क्राऊन-पिनियन (चाकं फिरवणारी दातेरी जोडी, मोठा क्राऊन आणि छोटा पिनियन), सगळे बेरिंग, ऑइल अडवणारे सील, ब्रेकचे लायनर नवे टाकले आणि रेशोही, म्हणजे क्राऊन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण, बदलला. पावसाळा, थंडी, केळीची कटाई असं सगळं त्यावर काढून झालंय, म्हणून आता खात्रीने लिहितो.

आधी आवाज ओळखायला शिका. ॲक्सिलेटर दाबला की मागून घूंऽऽ आणि पाय काढला की गप्प, तर तो बहुतेक क्राऊन-पिनियनचा. पाय काढल्यावर उलट वाढत असेल तर पिनियनचे बेरिंग ढिले असण्याचा संशय घ्या. ॲक्सिलेटरशी देणंघेणं नाही पण वळणावर कमी-जास्त होतो, तो चाकाच्या बेरिंगचा. आमच्याकडे कित्येक जण हबचे (चाकाचे) बेरिंग बदलून मोकळे होतात आणि आवाज जिथल्या तिथे.

खोलल्यावर पिनियनच्या दातांचे टवके निघालेले दिसले. क्राऊन धड होता, तरी जोडीच घेतली. हे दोन्ही कारखान्यात एकमेकांवर फिरवून जुळवलेले असतात. एक जुना, एक नवा लावला की आवाज ठरलेला.

पार्ट कुठेही मिळतील, खरा शोध सेटिंग करणाऱ्या मिस्त्रीचा घ्या. भुसावळच्या आमच्या मिस्त्रींनी क्राऊनच्या चार-पाच दातांना रंग लावला आणि हाताने फिरवून ठसा पाहिला. ठसा दाताच्या माथ्याकडे, म्हणजे पिनियन क्राऊनपासून लांब. पिनियन परत काढला, बेरिंग प्रेसवर उतरवला, मागे जाड शिम (अंतर जुळवायची धातूची चकती) टाकून पुन्हा बसवला. आता ठसा बुडाकडे. पुन्हा काढला. दुपारभर हेच, आणि मे महिन्यातलं भुसावळचं ऊन! शेवटी ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या अंगाला आला तेव्हा म्हणाले, "भाऊ, लोड पडला का हा बाहेर सरकतो, म्हणून आत ठेवला." मग डायल गेज लावून प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, 0.15 ते 0.20 मिलिमीटरमध्ये आणला. आज भरलेली गाडी घाटात चढताना मागून काही ऐकू येत नाही, त्याचं श्रेय त्या दुपारला आहे.

लक्ष देण्याची दुसरी जागा सीलची. जुन्या एक्सेलवर जिथे सील घासतं तिथे खाच पडते, नख फिरवलं की अडकतं. अशा खाचेवर नवं सील टिकत नाही, वर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) चढवावी लागते. शिवाय हाउसिंगवरचा (एक्सेलच्या कवचावरचा) ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायची वाट, बघा. आमचा मातीने पार बुजलेला होता. हवा कोंडली की दाब सीलवर येतो आणि ऑइल लायनरवर उतरतं. ऑइल प्यालेले लायनर धुऊन वापरू नका, ब्रेक एका बाजूला ओढतो.

रेशो 41/10 चा 41/9 केला, म्हणजे 4.1 वरून 4.56. गाऱ्यातून भरलेली गाडी निघताना क्लच जळल्याचा वास यायचा, तो बंद झाला. घाटातही एक गिअर वरचा चालतो. पण इंजिन त्याच वेगाला साधारण 11 टक्के जास्त फिरतं, हायवेवर ते कानाला आणि डिझेलला जाणवतं. आमच्या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, त्यामुळे काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 54 ने असते. किलोमीटरही तितकेच जास्त पडतात. ॲव्हरेज काढताना हे वजा करा, नाहीतर उगाच खुश व्हाल. ज्यांची गाडी रोज जळगाव-धुळे-सुरत पळते त्यांनी रेशोला हात लावू नये.

मागच्या स्प्रिंगला जादा पाटा टाका असं गॅरेजमध्ये प्रत्येक जण सुचवत होता. टाकला नाही. पाटा वाढवून पासिंगचं (आरटीओने मंजूर केलेलं) वजन वाढत नाही, आणि कडक गाडीत केळीला मार बसतो. साल काळी पडली की व्यापारी भाव पाडतो. मोडका पाटा तेवढा बदलला, बुश नवे, यू-बोल्ट नवे. लोडवर चालवल्यानंतर यू-बोल्ट परत आवळले, बरेचसे फिरले.

ऑइल जीएल-5 दर्जाचं 80डब्ल्यू-90. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, दात एकमेकांवर घसरत चालतात, तिथे साधं गिअर ऑइल पुरत नाही. पहिले काही दिवस गाडी रिकामी आणि सावकाश चालवली, मधे थांबून हाउसिंग थंड होऊ दिलं. हजार किलोमीटरच्या आत पहिलं ऑइल काढलं तेव्हा प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप होता. तो नव्या दातांचा, चालतो. बोटाला टोचणारे कण लागले असते तर लगेच खोलायला लावलं असतं. दुसऱ्या बदलीत लेपही नावालाच होता. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर मात्र बदलीची वाट न पाहता प्लग खोला. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.